तेल्हाऱ्याला न गेलेला पाळणा

आमच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. तिच्या घरचा कापूस यंदाही अळीने खाल्ला. परवा तिने मला विचारलं, "ताई, लेकरं सांभाळायचं काम कसं मिळते? तिथं काय काय यावं लागते?" मी तिला थोडक्यात सांगितलं: नखं काप, बांगड्या काढ, ओढणीला पिन लावू नकोस, आणि ज्या घरी जाशील तिथे पहिल्या दिवशी बाळाच्या आधी घर बघ. शेवटचं तिला कळलं नाही. ते सांगायला वेळ लागतो. दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा म्हणून मी हाच विषय घेतला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी हिवरखेडची. बी.ए.ला अकोल्याला आले. दुसऱ्या वर्षी आमच्या शेतातली बोंडं आतून किडली. बाबा दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जाऊ लागले आणि एका दुपारी पाठीवर पंप तसाच असताना बांधावर आडवे झाले. मी सुट्टीत घरी होते. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, बनियन घामाने पिळून काढावं इतकं भिजलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली तेव्हा मी शेजारी उभी होते. डोळ्यातला काळा ठिपका आक्रसून मोहरीएवढा झाला होता; फवारणीचं औषध अंगात भिनलं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा वाचले, पण त्यानंतर त्यांच्या हाताला कंप आला. घरून पैसे येणं थांबलं. मला कॉलेज सोडायचं नव्हतं, म्हणून राहायला जागा देईल असं काम मी शोधत होते.

वर्गातल्या मैत्रिणीने जठारपेठेतलं एक घर सांगितलं. खाली बियाणं-औषधांचं कृषी केंद्र, वर घर. दुकान दादांचं. वहिनी शाळेत शिक्षिका, माहेर अमरावतीचं, बाळंतपणाची रजा संपत आलेली. घरात दादांची आई, म्हणजे आजी, आणि चार महिन्यांची चिमी.

मुलाखत आजींनी घेतली. शिक्षणाचं त्यांनी काही विचारलं नाही.

"घरी लहानं कोन हाय?"

"भाऊ आहे."

"त्याले कोनं वागवलं?"

"मीच."

वागवणं म्हणजे आमच्याकडे मूल अंगाखांद्यावर घेऊन वाढवणं. आजींनी चिमी माझ्याकडे दिली. तिने माझी वेणी धरली आणि तोंडात घातली.

"ठेवून घ्या इले," आजी म्हणाल्या. "पोट्टीनं पसंत केली, मंग आपुन कोन?"

वहिनींची एकच अट होती. "तिच्याशी भरपूर बोलत जा, पण जरा नीट बोल हं. मले-तुले नको."

"म्हंजे आमी काय वाकडं बोलतो?" आजी म्हणाल्या. वहिनी हसल्या. त्या घरात सासू-सुनेचं असंच चालायचं. बोलण्यात धार असे, पण कोणाला कापायची नाही.

काम मला शिकवलं जुलेखाखालांनी. त्या रोज सकाळी, मी कॉलेजला निघायच्या आधी, मालिश करायला आणि अंघोळ घालायला यायच्या. पाटावर पाय पसरून बसायच्या आणि बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या. जठारपेठेतली कितीतरी पोरं त्यांच्या पायांवरून शाळेत गेली, असं त्या सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी मला चिमीला हातच लावू दिला नाही.

"पहले हाथ दिखा. ये नाखून हैं के विळे? काट के आ."

नखं कापून आले तर म्हणाल्या, "चूडियाँ?" बांगड्या काढल्या तर म्हणाल्या, "और वो पिन किसके लिये रखी, बच्चे की आँख के लिये?" मग कोपरापर्यंत हात धुवायला लावले. त्यानंतर कुठे टाळूवर तेल कसं ठेवायचं ते दाखवलं. तेल दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं, कारण तिथे अजून हाड नसतं, खाली सगळं मऊ असतं. मी बोट टाळूपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. खाला म्हणाल्या, "डरती है तो अच्छा है. जो नहीं डरती, उसको मैं नहीं सिखाती."

रडणं ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. "भूक का रोना उप्पर चढता, नींद का रोना नीचे उतरता. और बच्चा रोनाच छोड दे, तब डरना."

बाहेरच्यांना वाटतं, या कामात असतं काय? मूल झोपलं की आपणही झोपायचं. खरं म्हणजे मूल झोपलं की त्याचे कपडे, दुपटी, बाटल्या उकळणं, आणि मध्ये कान पाळण्याकडे. मी इतिहासाचं पुस्तक पाळण्याची दोरी ओढत वाचलं आहे. आजही काही सनावळ्या मला त्या झोक्यासकट आठवतात. पाहुण्यांना तुमची ओळख काय करून द्यायची, हे घरच्यांना कधीच ठरवता येत नाही. 'ही आमच्याकडे असते,' एवढंच म्हणतात. नंतर एका दुसऱ्या घरी मी काही महिने होते. तिथल्या आजोबांना बाई ठेवणं पटलेलं नव्हतं. ते दिवसभर खुर्ची टाकून माझ्यासमोर बसायचे आणि मी मुलाला भरवलेले घास मोठ्याने मोजायचे. असेही लोक भेटतात.

पण मुख्य गोष्ट निराळी आहे. कॉलेज सकाळचं असल्यामुळे मी साडेदहाला घरी यायची ते संध्याकाळपर्यंत. सकाळची ताजी चिमी खालांना दिसायची. संध्याकाळची दमलेली वहिनींना. मधला अख्खा दिवस माझा आणि आजींचा.

चिमी पाच महिन्यांची झाली तेव्हा पाळणा आला. तो त्यांच्या घराण्याचा होता, सागवानी, दांड्यावर चार रंगवलेले पोपट. घराण्यातलं प्रत्येक मूल त्यात वाढलेलं. एका घरचं मूल मोठं झालं की तो पुढच्या घरी जाई. बारशाच्या वेळी तो दुसरीकडे अडकला होता, म्हणून उशिरा आला. त्याआधी काही महिने तो कोणाच्या तरी कापसाच्या खोलीत पडून होता. आजींनी तो पुसला, पोपटांना हळद-कुंकू लावलं, नवी गादी शिवली. दादाही त्यात वाढलेले. "इथं दातानं कुरतडलेलं हाय पाय, तुह्या दादानं," आजींनी मला कठडा दाखवला.

रात्री चिमी वहिनींजवळ पलंगावर झोपायची. दिवसा पाळण्यात.

थोड्याच दिवसांत तिला लाळ सुटली. आधी थोडी, मग इतकी की लाळेरं दर तासाला बदलायचं. डोळे पाणावलेले. शी पातळ. अंगाला घाम.

"दात येऊन राहिले," आजी म्हणाल्या.

वहिनींनी अमरावतीला आईला फोन केला. तिकडूनही तेच उत्तर आलं. खालांनी हिरडीवर बोट फिरवलं. "हाँ, फूल गया है. आ रहे दाँत." दाताच्या गोळ्या सुरू झाल्या. आमच्याकडे मूल दातावर असलं की लाळ आणि जुलाब व्हायचेच, त्याला कोणी दुखणं म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. माझ्या भावालाही असंच झालं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नव्हती. मी खालांना म्हटलं, "ती दुपारी फार मलूल होते हो." खाला म्हणाल्या, "मेरे को तो रोज सुबे अच्छी दिखती. पाँव मारती, हँसती." ते खरं होतं. रात्र पलंगावर काढली की सकाळी चिमी टवटवीत. दुपार पाळण्यात काढली की तीन वाजता हातात घ्यावी तर मान टाकायची. कडेवर तासभर फिरवली की पुन्हा बरी. मी मनात म्हणायची, उन्हाचं असेल.

त्या घराला एक वास होता. दुकान खाली असल्यामुळे औषधांचा उग्र वास जिन्यातून वर यायचा. पहिल्या दिवशी तो माझ्या डोक्यात गेला होता, नंतर नाक सरावलं. आजी पाळण्याजवळ ओव्याची धुरीही करायच्या. त्यामुळे पाळण्याचा वेगळा असा वास मला कधी आला नाही.

तो दिवस शनिवार होता. मी कॉलेजातून आले तर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आज मस्त झोपली व तुही चिमी. सकाळपासून हूं नाही का चूं नाही. पाच मिनिटांचीही कटकट नाही."

मी हात धुतले आणि पाळण्यात वाकले. चिमी जागी होती. डोळे अर्धवट उघडे, तोंडाच्या कडेने लाळेची तार गादीपर्यंत. छातीत पाणी खदखदल्यासारखा आवाज. मी तिला उचललं तर हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबले. ती रडली नाही. मला खालांचं बोलणं आठवलं.

मी तिला खिडकीशी उजेडात नेलं. तिच्या डोळ्यात मोहरी होती.

बाबांच्या डोळ्यातली ती मोहरी मी बघितली नसती तर मला काहीही कळलं नसतं. मी हुशार आहे म्हणून कळलं, असं नाही. आमच्या घरावर ती पाळी येऊन गेली होती, एवढंच.

"आजी, पाळण्यात काही टाकलं का?"

"काय टाकन? गादी हाय, दुपटं हाय."

"औषध वगैरे?"

"ढेकूण झाले होते ना त्याच्यात, माय. कापसाच्या खोलीतून आला तो. पोरीले चावतीन म्हून दुकानातली पुडी आनली अन् सांध्यात भरली. गादीखाली बी टाकतो आठवड्याले, आज सकाळीच टाकली." आजी अगदी सहज सांगत होत्या. "खाटेले बी तेच टाकतो आमी. घरचंच औषध हाय, काहून?"

मी चिमीला घेऊन तशीच पळाले. जिना उतरताना मी दादांना हाक मारत होते, असं नंतर लोकांनी सांगितलं. दादा काउंटरवर होते. मी फक्त म्हटलं, "पाळण्यात पावडर आहे." त्यांनी कोणती म्हणून विचारलं नाही. मागच्या फळीवरचा पुडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि दुकान उघडं टाकून गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आधीच दादांनी पुड्यावरचं नाव वाचून दाखवलं. गिऱ्हाइकांना रोज वाचून दाखवतात त्याच सवयीच्या आवाजात. मग मात्रा वाचायला लागले, एकराला किती, पंपाला किती, आणि मधेच त्यांनी पुडा डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "आधी हिचे सगळे कपडे काढा. साबणाने धुवा, केसही. आणि ताई, तुम्हीही धुवा." मी चिमीला दवाखान्याच्या बेसिनमध्ये धुतलं. नखं कापलेली होती, बांगड्या नव्हत्या, पिन नव्हती. सुई टोचली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. इतकं बारीक रडणं की मांजर वाटावं. वहिनी शाळेतून तशाच आल्या होत्या, बोटांना खडू लागलेला. त्या रडण्याचा आवाज ऐकून त्या खाली बसल्या.

चिमी वाचली. बरेच दिवस काचेमागे होती. पुढे बसायला, रांगायला उशीर लागला, पण वाचली.

काचेबाहेरच्या बाकावर एका सकाळी दादा मला हळूच म्हणाले, "हे बाहेर बोलू नको. दुकान आहे आपलं." मला त्यांचा राग आला नाही. ते रडून आलेले दिसत होते.

घरी आल्यावर मात्र आजी बदलल्या. चिमीला त्यांनी मांडीवर घेणं सोडलं. ती त्यांच्याकडे झेपावली की त्या हात पदरात घ्यायच्या. दिवसातून कितीदा तरी हात धुवायच्या, साबणाने, राखेने, पुन्हा साबणाने. मला म्हणायच्या, "जवळ आन तिले. इथं, तोंडाजवळ. मी पायतो नुसती." मी चिमीला त्यांच्यासमोर धरून उभी राहायची. हा माझ्या कामाचा नवा भाग होता. वहिनींनी समजावलं, "आई, तुम्ही मुद्दाम केलं का? घ्या ना." आजी मान हलवायच्या.

दादाही बदलले होते, पण त्यांच्या पद्धतीने. पुडी देताना गिऱ्हाइकाला बजावायचे. एकदा मी जिन्यात चिमीला घेऊन उभी होते. तेल्हाऱ्याकडचा एक माणूस आला होता.

"हे घरात ठेवू नका बरं."

"मंग कुठं ठेवू, भाऊ?"

"घराबाहेर ठेवा. वेगळ्या खोलीत."

तो माणूस हसला. "एकच खोली हाय ना. तिथंच बायको, तिथंच पोट्टे, तिथंच औषध. वावरात ठेवलं तं चोरून नेते कोनी." पिशवी काखेत मारून तो गेला. दादा बराच वेळ त्याच फळीकडे बघत राहिले.

आणि मग तेल्हाऱ्याहून शोभावहिनींचा फोन आला. शोभावहिनी म्हणजे दादांच्या चुलतभावाची बायको. त्यांचे दिवस भरत आले होते. आता पाळण्याची पाळी त्यांची.

पाळणा गच्चीवर पडून होता. जाळू नका, धूर वाईट, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फेकायला दादांचा हात धजत नव्हता. द्यायचा नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की ते तालुक्यात पसरणार. औषधाच्या दुकानदाराच्या घरी त्याच्याच औषधाने. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दादांनी पाळणा नळीच्या पाण्याने धुतला, सोड्याने आणि साबणाने घासला, उन्हात ठेवला.

"उन्हानं उतरतं," ते वहिनींना म्हणाले. "मी विकतो ना हे, मला माहीत आहे."

"सांध्यांमधलं?" वहिनींनी विचारलं.

दादा दुकानात उतरले. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. पाळण्याला लिंबाच्या साबणाचा छान वास येत होता. कठड्यावर दादांच्या लहानपणच्या दातांच्या खुणा होत्या, आणि त्या खुणांमध्ये पांढरं काहीतरी बसलं होतं. साबण असेल किंवा नसेल. तेल्हाऱ्याचं बाळही दात येताना कठडा चावणारच होतं. मला त्या घराने जागा दिली होती, परीक्षा तोंडावर होती, आणि दादांनी बोलू नको म्हणून सांगितलं होतं. मी कपडे वाळत घातले आणि खाली आले. रविवारी पाळणा टेम्पोत चढणार होता.

शनिवारी संध्याकाळी शोभावहिनींचा पुन्हा फोन आला. आजींना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. सगळे तिथेच होतो.

"काकू, उद्या पाळणा येते ना? पोपटाले नवा रंग देऊ म्हनते हे."

"पाळणा नाई येत," आजी म्हणाल्या.

दादा उठले. "आई..."

"बस तू." आजींनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "शोभा, आइक. त्या पाळण्यात मी औषध टाकलं होतं, ढेकनाचं. दुकानातलं. चिमी त्याच्यानंच मरून राहिली होती. दात नोयते ते. मीच टाकलं, माह्या या हातानं. तो पाळणा आता कोनालेच नाई द्याचा."

मला वाटलं, शोभावहिनी रडतील किंवा ओरडतील. पण त्या हसल्याच.

"काकू, तुमी बी ना! आमी बी तेच टाकतो. पलंगाले, गादीले. आतालोक काई नाई झालं बापा. चिमीले दुसरंच काई झालं असन."

आजींनी फोन खाली ठेवला. तोडायचं बटण त्यांना सापडत नव्हतं, शोभावहिनींचा हॅलो हॅलो आवाज चालूच होता. दादा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"सकाळची गाडी कितीची हाय तेल्हाऱ्याची?" आजींनी मला विचारलं. तो माझ्या गावाकडचा रस्ता, म्हणून मला माहीत होतं.

"मी गाडीने सोडतो, आई," दादा म्हणाले.

"तू दुकान पाय. तुह्यानं बोलनं होत नाई." मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "चिमीले नेतो मी. नुसतं सांगून त्यायले पटत नाई. पोरगी दिसली पायजे." वहिनींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "ही सोबत असेल तर न्या."

एस.टी.ला गर्दी होती. एकच जागा मिळाली. मी बाटल्यांची पिशवी आणि दुपटी सांभाळत दांड्याला धरून उभी होते, चिमी माझ्या खांद्यावर. गाडीने धक्का दिला आणि मी घसरले. आजींनी हात वर केले आणि चिमीला ओढून मांडीवर घेतलं. तिने लगेच त्यांचा पदर तोंडात घातला. आजींनी तो पटकन काढला, वास घेतला, आणि मग पुन्हा तिच्या हातात दिला. तेल्हारा येईपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही.

शोभावहिनी दारातच होत्या, पोट सांभाळत, तांब्या घेऊन. "या काकू. एवढ्या उन्हात काहून आल्या? घ्या, पानी घ्या आधी."

आजी चिमीला कडेवर तशीच घेऊन उंबरा ओलांडून आत गेल्या.

"पानी मंग," त्या म्हणाल्या. "आधी गादी दाखव."